बत्तीस मात्रांची जागा

"ताई, झोप लागली का?" हेडफोनमधून आवाज आला आणि ती दचकली. झोप कसली लागतेय! ती टक्क जागी होती, पाठ ताठ, अंगठा बटणावर, शाळेत पहिल्या बाकावर बसलेल्या पोरीसारखी. छापखान्यातल्या कामगारांचे कान दरवर्षी तपासायचे असा नवा नियम निघाला होता आणि त्यासाठी आवारात एक पांढरी गाडी येऊन उभी राहिली होती. गाडीच्या आत कपाटाएवढी खोली, भिंतींना गादीसारखं अस्तर, एका बाजूला काच आणि काचेपलीकडे तपासणारी मुलगी. सूर ऐकू आला की बटण दाबायचं, एवढंच काम. सुरुवातीचे जाड, घुमणारे सूर तिने पटापट टिपले. त्यानंतरचेही टिपले. मग सूर थांबले. तिला वाटलं, मुलगी कागदावर काहीतरी लिहीत असेल, नाहीतर यंत्राची कळ फिरवत असेल. ती वाट बघत बसली. खरं सांगायचं तर तिला ते बसणं आवडलंच. एकतीस वर्षं यंत्रांच्या खडखडाटात काढलेल्या बाईला अशी मऊ शांतता कोण फुकट देतं? तिने डोळेसुद्धा मिटून घेतले होते. "जागी आहे की," ती म्हणाली. "तुम्ही सूर सोडायचे थांबलात ना, म्हणून बसले." काचेपलीकडच्या मुलीने यंत्रावरचा हात उचलला. मग आजारी माणसाशी बोलावं तशी हळू म्हणाली, "ताई, मी मघापासून सोडतेच आहे."

गाडीतून उतरताना तिच्या हातात एक कागद होता. कागदावरची रेघ डावीकडून शहाण्यासारखी सरळ येत होती आणि उजवीकडे गेल्यावर एकदम खड्ड्यात पडत होती. वरचे सूर गेलेत, मुलीने समजावलं होतं, बोललेलं कळतंय ना, मग फार घाबरायचं कारण नाही, फक्त बारीक आणि उंच आवाज येणार नाहीत, गजर, शिट्टी, पक्षी वगैरे. परत यायचे नाहीत का ते? नाही ताई, गेले ते गेले. पक्षी म्हटल्यावर तिला एकदम शरमल्यासारखं झालं. गेली चार वर्षं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती, चिमण्या म्हणून राहिल्या नाहीत हो आता. शेजारीण मान डोलवायची. बसथांब्यावरचे आजोबा उसासा टाकायचे. एकाने तरी म्हणावं ना, की बाई, त्या बघा तुमच्या खिडकीत बसून बोंबलताहेत! पण माणसं अशी कनवाळू, की खोट्यालासुद्धा मान डोलवतात. ती आपल्या खात्यात परतली. तिथे घड्या घालणारी चार यंत्रं एका सुरात खडखडत होती, छापलेले मोठे कागद एका तोंडाने गिळून दुसऱ्या तोंडाने दुमडलेले फर्मे टाकत होती. कानात घालायला कंपनी पिवळी बुचं देते. ती खिशात ठेवायची. बुचं घातली तर फर्मा तिरका दुमडला जातोय हे कळणार कसं? ते डोळ्याला दिसायच्या आधी कानाला कळतं, यंत्राच्या आवाजात जरासा अडखळा येतो, आणि तो अडखळा ओळखणारी या छापखान्यात ती एकटी होती. म्हणजे चांगलं ऐकू यावं म्हणून तिने बुचं काढली आणि बुचं काढली म्हणून ऐकू येईनासं झालं. आता याचा जाब विचारायचा कुणाला?

जाब विचारायचीही तिची जागा हीच होती, हे कुणाला ठाऊक नव्हतं. नवरा याच छापखान्यात कटिंग यंत्रावर होता. सात वर्षांपूर्वी त्याच्या घशात गाठ निघाली आणि पुढचे नऊ महिने ती दिवसा इथे उभी राहून, दोन यंत्रांच्या मधल्या बोळात, मोठ्याने प्रार्थना करायची. अक्षरशः ओरडून. देवाशी भांडायला याहून सोयीची जागा नाही, शेजारी उभ्या असलेल्या माणसाला एक शब्द कळत नाही, ओठ हलताना दिसले तर वाटतं फर्मे मोजतेय. सुरुवातीला तिने अदबीने मागितलं. मग गयावया केली. मग, पाचव्या की सहाव्या महिन्यात, तिने सरळ विचारलं, आहेस का तिथे? यंत्रं खडखडत राहिली. घरी भेटायला येणारी मंडळी सोफ्यावर ओळीने बसून सांगायची, देव बोलतो हो, आपण ऐकायला हवं. ती मूग गिळून बसायची आणि चहाचे कप गोळा करायची. रविवारी मात्र चर्चमधल्या ऑर्गनवर बसायला ती एकदाही चुकली नाही. "बाईंचा विश्वास बघा, खडकासारखा," लोक म्हणायचे. विश्वासाचं तिला माहीत नाही, पण ऑर्गनवर बसलं की तासभर कुणाशी बोलावं लागत नसे, हे खरं.

सुट्टी झाल्यावर ती चर्चकडे चालत निघाली, कारण सहा वाजता चाळणी होती. खरं नाव गीत परीक्षण समिती, पण बँडमधली पोरं तिला चाळणी म्हणत आणि आता पाळकांच्या तोंडूनसुद्धा अधूनमधून तेच निसटे. नवं गीत उपासनेत गायचं तर आधी चाळणीतून जायला हवं. त्याचा एक छापील कागद होता, तिच्याच छापखान्यात छापलेला: शब्द, शिकवण, चाल, प्रत्येकाला दहापैकी गुण आणि खाली शेरा. शब्दांचे गुण निवृत्त मास्तर देत, शिकवणीचे पाळक आणि चालीचे ती. पद्धत अशी, की प्रत्येकाने घरी तीनदा गीत ऐकायचं, कागद भरायचा, पाकिटात बंद करून रविवारी पाळकांच्या हातात द्यायचा. बैठकीत पाळक एकेक पाकीट फोडून मोठ्याने वाचणार. पाकीट दिल्यानंतर शब्द बदलायचा नाही. ही कडक रीत खुद्द तिनेच अकरा वर्षांपूर्वी घालून दिली होती, कारण मास्तर दुसऱ्याचा शेरा ऐकून आपला शेरा फिरवत. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं, पण हे तिला अजून कळायचं होतं. रस्ताभर तिच्या डोक्यात ती खड्ड्यात पडलेली रेघ होती. ऑर्गनच्या सगळ्यात वरच्या पट्ट्या ती वाजवते तेव्हा तिला काय ऐकू येतं? येतं की. की बोटांना ठाऊक असतं म्हणून कानाला वाटतं? दुकानांसमोरून जाताना ती मुद्दाम थांबून कान देत होती. एका दारावरची घंटी हलली. पितळेची, छोटी, लख्ख. हलली एवढंच तिने पाहिलं.

या वेळचं गीत कीबोर्डवालीचं होतं. कीबोर्डवाली म्हणजे बँड चालवणारी चोविसेक वर्षांची मुलगी, दिवसा दातांच्या डॉक्टरकडे मदतनीस, आणि बाकी सगळा वेळ चर्चच्या मागच्या खोलीत वायरींच्या गुंत्यात. तीन वर्षांपूर्वी ती एक कीबोर्ड काखेत मारून आली आणि बघता बघता ड्रम आले, स्पीकर आले, पडद्यावर शब्द आले, आणि ऑर्गन रविवारी दोन गीतांपुरता उरला. कानामागून आली आणि तिखट झाली, असं मास्तर खासगीत म्हणत. बाईंना मात्र त्या मुलीचा राग येत नसे, आला तरी टिकत नसे. पोरगी मेहनती होती. गीताचे शब्द असे तसेच होते. 'दार लागलं, दिवा विझला, मी एकटीच उभी इथे, हाक मारली, हाक मारली, तू होतास कुठे?' आणि मग ध्रुवपद, 'तू इथेच होतास, तू इथेच होतास', बारा वेळा. बाईंनी स्वयंपाकघरात ओट्याशी उभं राहून ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हात भांड्यांत होते आणि मन भलतीकडे. पण 'तू होतास कुठे' या ओळीनंतर गाणं थांबलं. नुसतं थांबलं. ड्रम नाही, गिटार नाही, काही नाही. तिने सवयीने मोजलं, चार-चार मात्रांचे आठ बार, बत्तीस मात्रा. तेवढा वेळ त्या प्रश्नाला कुणी उत्तर दिलं नाही, समजूत घातली नाही, पाठीवरून हात फिरवला नाही. तिने नळ बंद केला. पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा ती खुर्चीवर बसली होती आणि पदराने तोंड पुसत होती, आणि ते पाणी भांड्यांचं नव्हतं.

कारण तशी जागा तिला ठाऊक होती. नवऱ्याचा आवाज शेवटच्या तीन महिन्यांत पूर्ण गेला. कटिंग यंत्राखाली पडणाऱ्या कागदाच्या पांढऱ्या पट्ट्या ती पिशवी भरून घरी आणायची आणि तो त्यांच्यावर लिहायचा. पाणी. खिडकी. यंत्र क्रमांक तीनचं पातं बदललं का? रविवारी ती चर्चमधून आली की लिहायचा, आज कुठलं वाजवलंस? ती सांगायची, थोडं गुणगुणायची, तो पलंगाच्या कडेवर बोटाने ताल धरायचा. शेवटच्या रविवारी त्याने विचारलं नाही. तिनेच सांगायला सुरुवात केली तेव्हा त्याने पट्टी ओढली आणि लिहिलं, नुसतं बसू. ती दोघं बसली. संध्याकाळ खिडकीतून उतरत होती, खाली कुणीतरी सायकल लावत होतं. देव बोलला नाही. डॉक्टर बोलले नाहीत. ती दोघंही बोलली नाहीत. पण उभ्या नऊ महिन्यांत तिला खरी वाटलेली प्रार्थना तेवढीच होती, आणि तिच्याविषयी तिने सहा वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर कुणीतरी तिच्यातही देवाचा आवाज शोधून दिला असता. म्हणून तिने चाळणीच्या कागदावर आयुष्यात पहिल्यांदा समासापर्यंत लिहिलं. पाकीट चिकटवलं. रविवारी पाळकांच्या हातात ठेवलं तेव्हा तिला हलकं वाटलं होतं.

चर्चच्या मागच्या खोलीत चार खुर्च्या, एक टेबल आणि चार्जरच्या वायरी. पाळक हसतमुख माणूस, कुणाचं मन दुखवायचं नाही हा त्यांचा जन्माचा आजार. मास्तर आधीच येऊन चष्मा पुसत बसलेले. कीबोर्डवालीला मत नव्हतं, पण स्वतःचं गीत म्हणून ऐकायला बसायची परवानगी होती आणि ती नखं खात होती. पाळकांनी छोटी प्रार्थना केली आणि पहिलं पाकीट फोडलं. मास्तरांचं. शब्दांना दहापैकी पाच. "'इथे'ला 'कुठे' जुळवणे म्हणजे चपलेला चप्पल जुळवणे," पाळक वाचू लागले, "मी, मला, माझे हे शब्द मिळून सव्वीस वेळा, आणि ज्याच्यासाठी गातो त्याचे नाव चार वेळा. पत्र कुणाला लिहिले आहे ते पाकिटावरचा पत्ता पाहिल्याशिवाय कळत नाही. शिवाय कवयित्री 'एकटीच' उभी आहे, तर आम्ही पुरुषांनी त्या वेळी कुठे उभे राहावे याचा खुलासा व्हावा." कीबोर्डवालीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण तिला हसूही आलं. मग पाळकांनी स्वतःचं पाकीट फोडलं. शिकवणीला सात. "'तू होतास कुठे' हा प्रश्न कच्च्या मनाच्या माणसाला डळमळीत करेल अशी भीती प्रथम वाटली," ते आपलंच लिहिलेलं कौतुकाने वाचत होते, "परंतु प्रश्नानंतर लगेच ती जी कोवळी घंटांची किणकिण येते, तिने मन निवते. उत्तर देण्याआधी देव जणू आपले डोळे पुसतो. प्रश्न एकटा सोडलेला नाही, हे फार चांगले."

कुठली किणकिण?

विचारायला तिचं तोंड उघडलं होतं. मग ते तसंच राहिलं. आवारातली पांढरी गाडी, काचेपलीकडचे हलणारे ओठ, मी मघापासून सोडतेच आहे. दुकानाच्या दारावरची ती पितळेची घंटी. सगळं एकदम तिच्या अंगावर आलं आणि तिच्या कानशिलांत ऊन भरलं. टेबलावर तिसरं पाकीट पडलं होतं, तिचं, आणि त्यात काय लिहिलंय ते तिला शब्दन्‌शब्द पाठ होतं. पाळकांचं बोट पाकिटाच्या चिकटवलेल्या कडेखाली शिरत होतं. एवढं म्हटलं तरी पुरे होतं, की थांबा, माझं परत द्या, तब्येत बरी नव्हती, घाईत लिहिलंय. पाळकांनी हसून परत दिलं असतं. मास्तरांनी अकरा वर्षांचा सूड म्हणून एखादा टोमणा मारला असता आणि विषय संपला असता. तिचा हात टेबलाच्या कडेपर्यंत गेला. मग तिला सोफ्यावर ओळीने बसलेली ती मंडळी दिसली आणि त्यांच्यासमोर चहाचे कप गोळा करणारी ती स्वतः. तिने हात मांडीवर ओढून घेतला. वाच म्हणावं.

"चालीला नऊ," पाळकांनी वाचलं आणि कीबोर्डवालीने नखं खायची थांबवली, कारण बाईंनी बँडच्या गाण्याला सहाच्या वर कधी दिले नव्हते. "ध्रुवपद पुरुषांना उंच पडते, दोन सूर खाली घ्यावे. 'तू इथेच होतास' बारा वेळा नको, सहा वेळा पुरे, पहिल्या सहा वेळांत ज्याला पटले नाही त्याचे बाराव्या वेळेपर्यंत फक्त पाय दुखतात." मास्तर खुदकन हसले. पाळक पुढे वाचत होते आणि वाचता वाचता त्यांचा आवाज बारीक होत चालला होता. "पण प्रश्नानंतरचे आठ बार. तिथे पूर्ण शांतता ठेवली आहे. मी अठ्ठावीस वर्षे वाजवते. एवढी प्रामाणिक जागा मी कुठल्याही गीतात ऐकली नाही. शिकवणीला गुण द्यायचा मला अधिकार नाही, असता तर या जागेला दहापैकी दहा दिले असते. जिने ही जागा रिकामी ठेवली तिला माहीत आहे, की काही वेळा उत्तर येत नाही."

कुणी कुणाकडे बघेना. कीबोर्डवालीच्या चेहऱ्यावर आधी लाली चढली होती, ती उतरत होती. शेवटी मास्तरांनी घसा साफ केला. "बाई, मोबाइलचा आवाज बारीक होता का तुमच्या?"

"नाही. मोबाइल ठणठणीत आहे. माझे कान गेलेत. वरचे सूर येत नाहीत मला. आज सकाळीच कळलं, कामावर तपासणी झाली."

"अरेरे," पाळक मनापासून म्हणाले आणि त्यांनी तिच्या कागदाची हलकेच घडी घातली. "मग हा आपण बाजूला ठेवू या. तुमचं काही चुकलं नाही हो."

"चुकलं नाही तर बाजूला कशाला ठेवायचा?"

"नाही, म्हणजे, जे गाण्यात नाहीच त्याला गुण..."

"मी जे ऐकलं त्याला गुण दिलेत," ती म्हणाली. तिचा आवाज वाजवीपेक्षा मोठा झाला होता, छापखान्यातला. "मला चूक दाखवायची तर एवढीच दाखवा, की जे असायला हवं होतं ते मला वाटलं आहेच. त्या घंटा काढा. मग माझा कागद बरोबर होतो."

कीबोर्डवाली आता बोलली. "मावशी, ते मी आठ दिवस बसून बसवलंय. तुम्हाला ऐकू नाही आलं त्याला मी काय करू? आणि शांतता नाही ठेवता येत हो. एवढा वेळ काही वाजलं नाही तर लोकांना वाटतं सिस्टिम गेली. मागे वळून बघायला लागतात. कोणी मोबाइल काढतं."

"काढू दे. वळू दे."

"लोक शांत व्हायला येतात, बाई," पाळक म्हणाले. "प्रश्न विचारून त्यांना असं लटकत ठेवायचं? शिकवणीच्या दृष्टीने..."

"शिकवणीचं तुम्हीच सांगा मला. ज्याच्या नावाने आपण इथे जमतो, त्याने वधस्तंभावरून 'देवा, मला का सोडलंस' म्हणून हाच प्रश्न विचारला ना? मग आली का किणकिण? तो पुन्हा उठेपर्यंत तीन दिवस काही आलं नाही. आणि तुम्हाला बत्तीस मात्रा धीर धरवत नाही?"

मास्तरांनी चष्मा काढून पुन्हा पुसायला घेतला. पाळकांचं हसू ओठांवर तसंच होतं, पण त्याखाली ते दमले होते. आणि ती थांबली नाही, आता तिला थांबायचं नव्हतं. "माझा नवरा गेला तेव्हा तुम्ही सगळे आला होता घरी. देव बोलतो म्हणालात. मी नऊ महिने विचारत होते. नाही बोलला तो. मी रागाने सांगत नाही, जे झालं ते सांगते. तरी मी इथे बसून वाजवलंच ना? मग ते गाण्यात आलेलं का चालत नाही तुम्हाला?" बोलून झाल्यावर तिला जाणवलं, की हे वाक्य ती सहा वर्षं यंत्रांच्या बोळात मनातल्या मनात ओरडत होती आणि आज पहिल्यांदा ते कुणाच्या तरी कानावर पडलं.

निकाल काय लागायचा तोच लागला. गीत मंजूर, ध्रुवपद दोन सूर खाली, सहा वेळा, घंटा आहेत तशा. तिचा कागद पाळकांनी वहीत ठेवला, पण गुण मोजले नाहीत. निघताना त्यांनी तिला दाराशी गाठलं. "बाई, पुढच्या वेळेपासून चालीसाठी आपण दुसरं कोणी बघू. तुम्हालाही जरा विश्रांती. ऑर्गनचंही मंडळात बोलू सावकाश, घाई नाही." घाई नाही म्हणणारा माणूस मनातल्या मनात तारीख ठरवून मोकळा झालेला असतो, हे तिला छापखान्यात शिकायला मिळालं होतं. "या रविवारी मात्र तुम्हीच हव्यात," ते पुढे म्हणाले. "नवं गीत आहे, लोकांना ध्रुवपद कुठे उचलायचं कळायचं नाही. घंटा संपल्या की ऑर्गनचा सूर द्यायचा, म्हणजे सगळे उचलतील." ती बरं म्हणाली.

पुढचे चार दिवस यंत्रांशी उभी राहून ती स्वतःशीच वाद घालत होती. त्या मुलीचं तरी काय चुकलं? सुंदर असतील घंटा, ज्यांना ऐकू येतात त्यांच्यासाठी. बहिरी बाई उठते आणि सगळ्या जगाला म्हणते तुम्हीही बहिरे व्हा, असंच ना हे? शनिवारच्या सरावात तिने मुलीकडून समजून घेतलं: घंटा कीबोर्डमध्ये भरून ठेवल्या होत्या, एक बटण दाबलं की बरोबर आठ बार वाजत आणि आपोआप थांबत. मुलगी तुटक बोलत होती. पण वायरी गुंडाळताना मान वर न करता म्हणाली, "मावशी, तो कागद मी पाळकांकडून मागून घेतला. नऊचा." मग लगेच पुढे म्हणाली, "पण घंटा राहणार." "राहू देत," ती म्हणाली. घरी आल्यावर तिने खिडकीत दाणे टाकले. थोड्या वेळाने चिमण्या आल्या, चांगल्या पाच-सहा, चोची उघडत मिटत. ती त्यांच्याकडे बघत राहिली आणि तिला पश्चात्ताप वगैरे काही झाला नाही. चिमण्या आहेत, हे तिने मान्य केलं. पण जे नव्हतं ते नव्हतं, आणि त्याला कुणाचे चांगले कान साक्षीला नको होते.

रविवारी चर्च भरलेलं होतं. ऑर्गन डाव्या भिंतीला, वाजवणाऱ्याची पाठ लोकांकडे. म्हणून तिच्या डोळ्यांसमोर एक लहान आरसा बसवला होता, त्यात पाळक दिसायचे, बँड दिसायचा आणि बाकांच्या पहिल्या चार ओळी. अठ्ठावीस वर्षं तिने सगळी मंडळी अशी उलटी पाहिली होती, उजवीकडचे डावीकडे. गीत सुरू झालं. मुलगी चांगली गायली, शनिवारपेक्षा चांगली. दार लागलं, दिवा विझला. मास्तर दुसऱ्या बाकावर, 'एकटीच'ला तोंड मिटून. हाक मारली, हाक मारली. शेवटचा शब्द वर गेला आणि ड्रम थांबले, गिटार थांबली, आणि आरशात मुलीचं बोट बटणावर टेकलं. एक, दोन, तीन, चार. तिला काहीच ऐकू येत नव्हतं, पण दिसत होतं. चेहरे सैल पडत होते. पुढच्या बाकावरच्या बाई डोळे मिटून हसल्या. पाळकांची मान हळूहळू डोलू लागली. डोळे पुसले जात होते सगळ्यांचे, प्रश्न ओला व्हायच्या आत. एकोणतीस, तीस, एकतीस, बत्तीस. आणि मग तो आवाज आला, जो तिला पुरेपूर ऐकू येत असे: दीडशे माणसांनी एकदम आत घेतलेला श्वास, ध्रुवपद उचलण्यासाठी. त्या श्वासावर तिचे हात आजवर एकदाही चुकले नव्हते.

तिने हात मांडीवर ठेवले. एक. दोन. तीन. श्वास घेतलेली माणसं तशीच थांबली, मग कुणाचा श्वास सुटला, कुणाचा सुटेना. गिटारवाल्याने ड्रमवाल्याकडे बघितलं. पाच. सहा. मागे कुणीतरी खोकलं. एक बाक करकरला. "काय झालं?" एका म्हातारीने मोठ्याने विचारलं आणि दुसरी म्हणाली, "गप." पाळक आरशातून तिच्याकडे बघत होते, भुवया वर, हसू अजून जागेवर, आणि ती त्यांच्याकडे सरळ बघत होती. काढा मला. उद्या काढायचं ते आत्ता काढा. चौदा. पंधरा. लोक मागे वळून बघू लागले, मुलगी म्हणाली होती तसेच. मुलीचं बोट पुन्हा बटणाकडे गेलं. घंटा पुन्हा सुरू करायला एक बोट पुरे होतं. सतरा. आरशात त्या दोघींची नजर मिळाली. मुलीचं बोट बटणाच्या वर तसंच अधांतरी राहिलं, आणि मग तिने दोन्ही हात काखेत घट्ट दाबून धरले, थंडी वाजल्यासारखे. एकवीस. आता वळून बघणाऱ्या माना परत फिरल्या. कुणी हसत नव्हतं. मास्तरांनी चष्मा काढला होता, पण ते तो पुसत नव्हते. चोवीस. पंचवीस. बाहेर कुणीतरी सायकल लावत होतं, स्टँडचा खट्ट आवाज आला आणि तो सगळ्या चर्चला ऐकू गेला. आता सगळ्यांना तेवढंच ऐकू येत होतं जेवढं तिला. तिने मोजणी घाईने केली नाही, एकही मात्रा खाल्ली नाही. तीस. एकतीस. बत्तीस. मग कुणी श्वास घेतलाय का याची वाट न बघता तिने हात पट्ट्यांवर ठेवले आणि सूर दिला.